रिपोर्ट एकच, मग दुखणे वेगळे का?



सातपुड्यातल्या आपल्या दवाखान्यात मी दर मंगळवारी बसते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर हा शिरस्ता सुरू केला, त्याला आता बरीच वर्षे झाली. शहरातले हितचिंतक भेटले की विचारतात, "तिकडे कोणकोणते आजार असतात?" मी यादी सांगते आणि सिकलसेलपाशी थांबते. या आजाराबद्दल एका आईने मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर द्यायला मला फार वेळ लागला. ते उत्तर आज तुमच्यापुढे मांडते.

ती आई दोन मुलींना घेऊन आली होती. थोरली अठरा वर्षांची, धाकटी बारा वर्षांची. दोघींचा रक्ताचा रिपोर्ट सारखाच होता: 'एसएस'. म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी सिकलसेलची दोन्ही जनुके दोघींकडे आलेली. थोरली डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन डोंगर उतरायची, दिवाळीनंतर घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जायची. धाकटी मात्र वर्षातून चार-पाच वेळा पाठ आणि गुडघे धरून रडत दवाखान्यात यायची. दोनदा तिला रक्त द्यावे लागले होते. शाळेत तिच्यावर कामचुकार असा शिक्का बसला होता.

आई म्हणाली, "ताई, दोघी माझ्याच पोटच्या. दोघींच्या कागदावर तुम्ही एकच लिहिलंय. मग दुखणं हिच्याच वाट्याला का?"

घरात याची उत्तरे आधीच ठरली होती. आजीच्या मते धाकटीला नजर लागली होती. बापाच्या मते ती नाटक करत होती. आणि आई स्वतःला दोष देत होती, कारण धाकटीच्या वेळी पावसाळ्यात घरात धान्य नव्हते आणि तिला पोटभर खायला मिळाले नव्हते.

मी तिला म्हटले, "ताई, यात तुमचा काही दोष नाही." ते खरेच होते. पण मग कारण काय, हे मला त्या दिवशी तिला समजेल असे सांगता आले नाही.

एका अक्षराचा फरक

आधी आजार समजून घेऊ. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातून प्राणवायू घेते आणि अंगभर पोचवते. हिमोग्लोबिन कसे बनवायचे याचा मजकूर आपल्या डीएनएत लिहिलेला असतो. हा मजकूर चार अक्षरांच्या लिपीत आहे आणि आई किंवा वडील, एकेकाकडून आलेल्या संचात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. त्यांतले एक अक्षर, अकराव्या गुणसूत्रावरच्या एका ठराविक जागी, बदलले की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. या बदलामुळे प्रथिनाच्या साखळीतला सहावा मणी वेगळा पडतो, हे व्हर्नन इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे दाखवून दिले.

या हिमोग्लोबिनची खोड अशी की प्राणवायू कमी झाला की त्याचे कण एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात. त्या दोऱ्यांनी गोल, लवचिक पेशी ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकडी, कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते. धाकटीच्या पाठीत आणि गुडघ्यांत उठणारी कळ ही तीच. त्यात नाटक कसले?

एकच जनुक एका आई-वडिलांकडून आले असेल तर माणूस 'वाहक' असतो. त्याला सहसा त्रास होत नाही. उलट लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो. म्हणूनच जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, त्या आफ्रिकेच्या, अरबस्तानाच्या आणि आपल्या जंगलपट्ट्यांत हे जनुक टिकून राहिले. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया या समाजांत ते आढळते यात कुणाचे पाप नाही. ते मलेरियाशी झालेल्या जुन्या झुंजीचे मागे राहिलेले ओझे आहे.

इतके सगळे सांगूनही आईचा प्रश्न उरतोच. ते बदललेले अक्षर दोघींमध्ये आहे. मग फरक कुठे आहे?

बाळपणीचे रक्त

पहिला धागा १९४८ मध्ये सापडला. न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाळांना पहिले काही महिने जवळजवळ त्रास होत नाही. त्यांनी अंदाज बांधला की बाळाच्या रक्तात असे काहीतरी आहे जे त्याला जपते. तो अंदाज बरोबर निघाला.

पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. आपण त्याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणू. त्याचे जनुक निराळे आहे आणि त्यात सिकलसेलची चूक नसते. शिवाय ते सिकलसेलच्या कणांमध्ये मिसळले की दोरे जुळू देत नाही. जन्मानंतर मात्र शरीर ते बनवणे हळूहळू कमी करते आणि मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन बनवू लागते. सर्वसाधारण मोठ्या माणसात गर्भ-हिमोग्लोबिन साधारण एक टक्क्यापर्यंत उरते. सिकलसेलच्या बाळाला सहा महिन्यांनंतर त्रास सुरू होतो तो यामुळेच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. गर्भ-हिमोग्लोबिनचे जनुक नष्ट होत नाही. ते आपल्या सगळ्यांत शेवटच्या श्वासापर्यंत शाबूत असते, फक्त मंद केलेले असते. कंदील विझवला नाही, वात खाली ओढली, असे समजा. आणि ही वात प्रत्येकाची सारखीच खाली जात नाही. कुणाची पार खाली, तर कुणाची थोडी वरच राहते. सिकलसेलच्या रुग्णात ती जितकी वर राहील, तितके पेशींना संरक्षण अधिक.

वात खाली ओढणारे हात

मग वात कोण ओढते? या प्रश्नाने गेल्या काही दशकांत विज्ञानाला एका मोठ्या दालनात नेले.

आपल्या डीएनएत प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर फार थोडा, शंभरात एक ते दोन भाग इतकाच आहे. उरलेल्या भागाला एके काळी काही जण अडगळ समजत. आता कळते की त्या भागात हजारो छोट्या 'कळा' आहेत. कोणते जनुक कोणत्या अवयवात, कोणत्या वयात, किती जोराने चालायचे हे त्या ठरवतात. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए एकच असतो, तरी दोघींची कामे वेगळी, ती या कळांमुळे. याला जनुकांचे नियमन म्हणतात. आणि माणसामाणसांत जे अक्षरांचे फरक असतात, त्यांतले बरेचसे मजकुरात नसून या कळांच्या जागी असतात. मजकूर तोच राहतो, पण वात थोडी वर किंवा थोडी खाली होते.

गर्भ-हिमोग्लोबिनच्या बाबतीत अशा तीन जागा ठळकपणे सापडल्या आहेत.

पहिली जागा अकराव्या गुणसूत्रावर, गर्भ-हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या अगदी उंबरठ्यावर आहे. जनुक जिथून सुरू होते त्याच्या १५८ अक्षरे आधी एक अक्षर बदललेले असते. भारतात आणि अरबस्तानात सिकलसेलचे जनुक ज्या परंपरेने आले, त्यात हा बदल त्याच्याबरोबरच येतो. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांतल्या रुग्णांपेक्षा आपल्याकडच्या अनेक रुग्णांत गर्भ-हिमोग्लोबिन जास्त आढळते, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

दुसरी जागा दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. तिथल्या जनुकाचे नाव बीसीएल-११-ए. स्वी ले थेन यांच्या लंडनमधल्या गटाने २००७ मध्ये संपूर्ण डीएनए चाळून दाखवले की या जनुकातल्या फरकांचा गर्भ-हिमोग्लोबिनशी संबंध आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बोस्टनमधल्या विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी दाखवले की वात खाली ओढणारा मुख्य हात हाच. २०१३ मध्ये आणखी उलगडा झाला. ते फरक या जनुकाच्या प्रथिन-मजकुरात नव्हतेच. जनुकाच्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या भागात एक कळ होती, जी फक्त रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींतच चालते. फरक त्या कळेवर होते. ज्यांची कळ जरा कमजोर, त्यांच्यात वात ओढणारा हात जरा ढिला आणि गर्भ-हिमोग्लोबिन जरा जास्त.

तिसरी जागा सहाव्या गुणसूत्रावर, मिब नावाच्या जनुकाच्या शेजारी आहे. तीही कळच. तांबड्या पेशी किती घाईने पिकतात यावर तिचा परिणाम होतो आणि त्यातून गर्भ-हिमोग्लोबिन कमी-जास्त होते.

या तीन जागा मिळून माणसामाणसांतल्या गर्भ-हिमोग्लोबिनच्या फरकाचा काही भाग उलगडतो. समाजानुसार तो साधारण एक पंचमांश ते निम्मा इतका असतो. बाकीचा भाग आणखी लहान-लहान फरकांचा आणि परिस्थितीचा. सिकलसेल हा एका अक्षराचा आजार आहे, पण तो किती छळणार हे एका अक्षरावर ठरत नाही.

दोघी बहिणींचे उत्तर

आता त्या दोघींकडे येऊ. पहिली कळ सिकलसेलच्या जनुकाला अगदी चिकटून आहे, त्यामुळे ती बहुधा दोघींकडे सारखीच आली असणार. पण दुसरी आणि तिसरी कळ वेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. प्रत्येक मुलाच्या वेळी आई-वडिलांची गुणसूत्रे पत्त्यांसारखी नव्याने पिसली जातात. थोरलीला त्यातून चांगला डाव मिळाला, धाकटीला मिळाला नाही.

दोघींच्या कळांची तपासणी काही आम्ही केलेली नाही. तशी सोय आपल्याकडे नाही. पण गर्भ-हिमोग्लोबिन मोजता येते. धाकटीला रक्त दिल्यानंतर तीन महिने थांबलो, म्हणजे दुसऱ्याच्या रक्ताने आकडा बिघडायला नको, आणि मग दोघींचे नमुने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. थोरलीचे आले २६ टक्के, धाकटीचे ११.

आईला मी दवाखान्यातला कंदील दाखवला आणि वात वर-खाली करून सांगितले. तिने लगेच ओळखले. म्हणाली, "म्हणजे हिची वात जन्मतःच खाली. मी उपाशी होते म्हणून नाही."

"नाही ताई, तुमच्यामुळे नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "हिच्या बापाला पण हे सांगा." पुढच्या मंगळवारी तो आला. त्यालाही कंदील दाखवला.

माझी चूक

इथे हा लेख संपला असता तर बरे झाले असते. पण थोरलीच्या बाबतीत मी चुकले, आणि ते लिहिलेच पाहिजे.

२६ टक्के हा आकडा बघून मी तिला म्हणाले होते, "तुला फारसं काही होणार नाही." तिला वाटले, दवाखान्यात यायचे कारणच उरले नाही. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. सातव्या महिन्यात, ऊसतोडीच्या मुक्कामी, तिला ताप आला, छातीत दुखू लागले आणि श्वास पुरेना. लोकांनी धावपळ करून तिला मोठ्या रुग्णालयात नेले, म्हणून ती वाचली. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले, पण तेही वाचले. मी भेटायला गेले तेव्हा तिने एवढेच विचारले, "डॉक्टरताई, तुम्ही तर म्हणाला होतात..."

कळांचे फरक शक्यता सांगतात, हमी देत नाहीत. गर्भ-हिमोग्लोबिन जास्त असले तरी बाळंतपण, ताप, अंगातले पाणी कमी होणे, थंडी, अति श्रम यांत तोल जाऊ शकतो. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असे पूर्वी आम्ही डॉक्टर सर्रास म्हणत असू. विदर्भातल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांनी तो समज मोडला. तिथे तीव्र त्रासाची मुले पुष्कळ सापडली. समाजाची सरासरी एका मुलीच्या कपाळावर लिहायची नसते. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. आता अनुभवानेही ठाऊक आहे.

'जात्याच तशी' हा समज

हाच धडा दुसऱ्या एका गोष्टीला लागू होतो, जी पाड्यांवर फिरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना रोज ऐकावी लागते: "आदिवासी मुले जात्याच बुटकी, वजनाने हलकी. त्याला कोण काय करणार?"

उंची हीसुद्धा अनेक जनुकांच्या कळांवर अवलंबून असलेली गोष्ट आहे. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात उंचीशी जोडलेले बारा हजारांहून अधिक बारीक फरक सापडले. एकेकाचा परिणाम अगदी नगण्य. आणि त्या लोकांत बहुसंख्य युरोपीय वंशाचे होते, तेव्हा आपल्या पाड्यांवरच्या मुलांबद्दल त्यावरून निकाल देणे धाडसाचे ठरेल.

उलट दुसरा पुरावा बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालवाढीची प्रमाणके प्रसिद्ध केली, तीच आज अंगणवाडीच्या तक्त्यावर असतात. ती ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांवरून केलेली आहेत. आईचे दूध, पुरेसा आहार, स्वच्छता आणि औषधोपचार मिळाले की पहिली पाच वर्षे या सगळ्या देशांतली मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यात दिसले. म्हणून पाड्यावरचे तीन वर्षांचे मूल खुरटलेले दिसले तर आधी त्याच्या ताटात बघावे, विहिरीच्या पाण्यात बघावे, आईच्या हिमोग्लोबिनमध्ये बघावे. जनुकांचे नाव पुढे करून जबाबदारी झटकू नये.

या ज्ञानाचा उपयोग काय?

वात वर करता येते का? येते. हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी बऱ्याच रुग्णांत गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते. दुखण्याचे झटके त्यामुळे कमी होतात, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. औषध महागडे नाही. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, वेळोवेळी रक्त तपासून घ्यायचे असते आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधी सांगायचे असते. धाकटी गेली तीन वर्षे ही गोळी घेते. मागच्या वर्षी ती एकदाच दुखण्याने आली. दहावीला बसली आहे.

बीसीएल-११-एच्या शोधाचे फळ आणखी पुढचे आहे. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून, त्यांतली ती एक कळ कापून, पेशी परत द्यायच्या, असा उपचार निघाला. सबंध जनुक बंद करून चालले नसते, कारण शरीरात इतरत्र त्याची गरज असते. फक्त रक्तापुरती कळ सापडली म्हणून हे जमले. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे आणि त्याआधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते. आपल्या पाड्यांपासून तो आज फार दूर आहे. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जिनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी या संस्थेत स्वदेशी उपचारावर काम चालू आहे, ही आशेची गोष्ट.

तोवर हाताशी आहे ते नीट करू. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी लोकांना तपासणीपर्यंत आणावे आणि रिपोर्टचा अर्थही सांगावा. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक खेपेला मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. हे आधी कळले तर निर्णय घेता येतो. ज्या मुलांना आजार आहे त्यांना भरपूर पाणी, लसी, फॉलिक ॲसिड, थंडीत ऊब, आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. सौम्य दिसणाऱ्यांनीही तपासणीला येत राहावे, विशेषतः दिवस गेल्यावर.

शहरातल्या वाचकांना एक विनंती. रक्तदान करताना क्षणभर त्या धाकटीची आठवण ठेवा. तिच्यासारख्या मुलांना ते लागते. आणि कार्यकर्त्यांना विनंती अशी की एखादे मूल दुखते म्हणून रडत असेल तर त्याच्या बहिणीशी, भावाशी त्याची तुलना करू नका. कागदावर अक्षरे तीच असली तरी आत वात वेगळी असू शकते.

थोरली आता बाळाला घेऊन महिन्यातून एकदा मंगळवारी येते. बाळाचे रक्त तपासले, ते वाहक आहे. तिने रिपोर्ट हातात घेऊन विचारले, "याची वात कशी आहे, डॉक्टरताई?"

यावेळी मी घाई केली नाही. म्हणाले, "याला आजार नाही, पण लग्नाच्या वयाचा झाला की हा कागद त्याला दाखव. आणि तू मात्र दर महिन्याला येत राहा."